साडेपस्तीसची गोष्ट

बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलमधला एक गुन्हा आधी कबूल करून टाकतो.

टायट्रेशन होतं. ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट, खाली फ्लास्क, आणि फिकट गुलाबी रंग टिकला की रीडिंग घ्यायचं. एक पायलट रीडिंग, मग तीन खरी रीडिंग्ज, आणि त्यातलं जे पुन्हा पुन्हा येतं ते 'सीबीआर', म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. ज्यांनी महाराष्ट्र बोर्डातून सायन्स केलंय त्यांना हा शब्द झोपेतही आठवेल. माझं पहिलं रीडिंग आलं ९.६. दुसरं ९.७. बाकी सगळ्या बॅचचं दहा येत होतं. शेजारचा हळूच म्हणाला, "अरे, दहा लिही ना. वेळ कशाला घालवतोस?"

मी दहा लिहिलं. तीनदा लिहिलं. बाईंनी जर्नलवर सही केली आणि सगळे खूश झाले.

त्याच प्रयोगशाळेच्या भिंतीवर अणुभारांचा एक तक्ता होता. कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, सोडियम २३... आणि मध्येच क्लोरीन ३५.५. बाई सांगायच्या, गणितं करताना सगळे आकडे राउंड ऑफ करा, फक्त क्लोरीन आणि तांबं यांच्या अर्ध्याला हात लावू नका. का? तर समस्थानिक असतात म्हणून. एका ओळीचं उत्तर, एका मार्काचं. मीही ते पाठ केलं आणि विसरलो.

गेल्या महिन्यात ऑफिसात एक आकडा असा काही अडून बसला (तो किस्सा शेवटी सांगतो) की हे साडेपस्तीस पुन्हा आठवलं. मग दोन-तीन वीकेंड त्याच्यामागे गेले. जे हाती लागलं ते भलतंच निघालं. आपण एका मार्कासाठी जी ओळ पाठ केली, तिच्यापर्यंत पोचायला माणसांना १०४ वर्षं लागली होती. १८१५ ते १९१९. आणि त्या काळात बऱ्याच जणांच्या शेजारी कोणीतरी उभं होतं, "अरे, छत्तीस लिही ना" म्हणणारं.

सुरुवात लंडनच्या एका डॉक्टरपासून होते. विल्यम प्राउट. दिवसा पेशंट तपासायचे आणि उरलेल्या वेळात रसायनशास्त्र करायचं, असा त्याचा खाक्या. डाल्टनचा अणुसिद्धांत तेव्हा ताजा होता. डाल्टनने कल्पना मांडली होती की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू वेगळे आणि त्यांचं वजनही ठरलेलं. एका अणूचं वजन करणं शक्यच नव्हतं, पण तुलना करता येत होती. हायड्रोजन सगळ्यात हलका, त्याला १ म्हणायचं आणि बाकीचे त्याच्या किती पट जड ते काढायचं. हाच अणुभार.

प्राउटने निरनिराळ्या वायूंच्या घनतेचे आकडे घेऊन हिशेब मांडला आणि त्याच्या लक्षात आलं, की हे सगळे आकडे पूर्णांक येताहेत! १८१५ मध्ये त्याने हे निनावी छापलं. पुढच्या वर्षी आणखी एक पाऊल टाकलं: कदाचित हायड्रोजन हेच मूळ द्रव्य असेल आणि बाकी सगळी मूलद्रव्यं हायड्रोजनचेच अणू एकत्र येऊन बनली असतील. कार्बन म्हणजे बारा हायड्रोजन, ऑक्सिजन म्हणजे सोळा.

जरा थांबून विचार करा, ही केवढी मोठी कल्पना आहे. सोनं, लोखंड, हवा, तुम्ही, मी, सगळं एकाच विटेचं बांधकाम. आपल्याकडच्या माणसाला ही कल्पना लगेच आवडावी अशीच आहे. पण तिची एक अट होती. अर्धी वीट चालणार नाही. प्रत्येक अणुभार पूर्णांकच यायला हवा.

प्राउटने क्लोरीन ३६ धरला होता.

गंमत म्हणजे १८२३ मध्ये याच प्राउटने दाखवून दिलं, की आपल्या जठरातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. म्हणजे ज्या क्लोरीनने पुढे त्याच्या सिद्धांताचं मातेरं केलं, तो जठरात असतो हेही त्यानेच शोधलं होतं.

आता स्टॉकहोमला जाऊ. तिथे बर्झेलियस नावाचा माणूस स्वयंपाकघराला लागून असलेल्या प्रयोगशाळेत बसून एकामागून एक संयुगं तोलत होता. अशी सुमारे दोन हजार संयुगं तपासून त्याने अणुभारांची यादी केली. त्याची मोलकरीण ॲना भांडी विसळायची. तिची एक गोष्ट त्याचा शिष्य व्हलर याने सांगितली आहे. क्लोरीनला आधी एक लांबलचक नाव होतं, कारण ते संयुग आहे असा समज होता. ते मूलद्रव्य आहे असं म्हणून डेव्हीने १८१० मध्ये त्याला क्लोरीन हे नाव दिलं. बर्झेलियसला ते पटायला बरीच वर्षं लागली. मग एकदा ॲना एका भांड्याला तो जुन्या नावाचा वास येतोय म्हणाली, तेव्हा साहेबांनी तिला बजावलं की यापुढे क्लोरीन म्हणायचं. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने आपलं मत बदलल्याची जाहीर घोषणा मोलकरणीपाशी केली!

तर या बर्झेलियसचा क्लोरीन काही केल्या ३६ येईना. त्याच्या १८२६ च्या यादीप्रमाणे तो येतो ३५.४ च्या आसपास.

इकडे ग्लासगोचा प्राध्यापक थॉमस थॉमसन प्राउटचा कट्टर समर्थक होता. ज्या नियतकालिकात प्राउटचा निनावी लेख छापून आला त्याचा संपादक हाच. १८२५ मध्ये त्याने जाडजूड ग्रंथ काढला, त्यात सगळे अणुभार सुरेख पूर्णांकांत बसलेले. क्लोरीन बरोब्बर ३६. बर्झेलियस एवढा भडकला की त्याने छापील टोला हाणला: यातले बरेच प्रयोग प्रयोगशाळेत न होता लिहायच्या टेबलावर झालेले दिसतात. मी हे वाचलं आणि मला माझं ते १०.०, १०.०, १०.० आठवलं.

आता तुम्ही म्हणाल, साडेपस्तीस काय आणि छत्तीस काय, दोनशे वर्षांपूर्वीच्या तराजूत एवढा फरक व्हायचाच. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून मी तो हिशेब स्वतः करून बघितला. तुम्हीही बघा, दहावीच्या गणिताच्या पुढे काही नाही. (पद्धत त्या काळातली आहे, आकडे नंतरच्या अचूक मोजणीतले घेतलेत.)

एक. पोटॅशियम क्लोरेट नावाचं मीठ तापवलं की त्यातला ऑक्सिजन उडून जातो आणि पोटॅशियम क्लोराइड उरतं. १०० ग्रॅम तापवलं तर ३९.१७ ग्रॅम उडतं, ६०.८३ उरतं. उडालेले ऑक्सिजनचे अणू तीन, म्हणजे १६ गुणिले ३, ४८. मग त्रैराशिक मांडा: ३९.१७ ला ४८, तर ६०.८३ ला किती? सगळी दशांश स्थळं घेतली की उत्तर येतं ७४.५५. हा झाला पोटॅशियम क्लोराइडचा भार.

दोन. शुद्ध चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची आणि त्यात हे पोटॅशियम क्लोराइड टाकत जायचं. पांढरा साका खाली बसतो. १०० ग्रॅम चांदी पूर्ण संपवायला ६९.११ ग्रॅम लागतं. चांदीचा एक अणू इथे पोटॅशियम क्लोराइडच्या एकाशी जोडी जमवतो. म्हणजे ६९.११ ला १००, तर ७४.५५ ला? १०७.८७. ही चांदी.

तीन. तो पांढरा साका, म्हणजे सिल्व्हर क्लोराइड, धुऊन वाळवून तोलायचा. १०० ग्रॅम चांदीपासून १३२.८७ ग्रॅम साका मिळतो. वरचे ३२.८७ ग्रॅम सगळे क्लोरीनचे. १०० ला ३२.८७, तर १०७.८७ ला? ३५.४६.

झालं. एका अदृश्य अणूचं वजन, एक भट्टी, एक तराजू आणि तीन त्रैराशिकं. मला तर हे करताना एखादा अवघड बग सापडल्याचा आनंद झाला :-)

आता उलटा हिशेब करा. क्लोरीन ३६ असता तर त्या साक्याचं वजन किती भरलं असतं? १३३.३७ ग्रॅम. म्हणजे फरक अर्ध्या ग्रॅमचा. जुन्या मापात चार गुंजा. चार गुंजांचा फरक आपल्याकडचा कुठलाही सराफ डोळे झाकून पकडेल, आणि दुप्पट भाव लावून वसूलही करेल. त्यामुळे 'तेव्हाचे तराजू कच्चे होते' ही पळवाट इथे चालत नाही. आकडा साडेपस्तीसच्या जवळ आहे हे ज्याला पाहायचं होतं त्याला १८३० पर्यंत दिसतच होतं. लंडनच्या एडवर्ड टर्नरनेही, जो आधी प्राउटच्या बाजूचा होता, १८३३ मध्ये ३५.४२ असाच आकडा काढला आणि हात टेकले.

म्हणजे प्रकरण मिटलं? नाही ना! खरी गंमत पुढेच आहे.

१८४० च्या सुमाराला पॅरिसमध्ये ड्यूमा आणि त्याचा तरुण बेल्जियन शिष्य स्टास यांनी कार्बनचा अणुभार पुन्हा काढायचा ठरवला. त्यासाठी त्यांनी ग्रॅफाइट जाळलं, आणि चक्क हिरे जाळले. बर्झेलियसचा कार्बन होता १२.२ च्या वर. यांचा आला १२.०, अगदी स्वच्छ. म्हणजे बर्झेलियसही चुकतो! प्राउटच्या सिद्धांतात पुन्हा धुगधुगी आली. बाकीचे पूर्णांक येताहेत तर क्लोरीनपुरती काहीतरी सोय करू, असा विचार सुरू झाला. जिनिव्हाच्या मारिन्याकने सुचवलं की मूळ वीट हायड्रोजनच्या निम्मी धरा. मग ३५.५ बसतो. आणखी अचूक मोजणी झाली तेव्हा ड्यूमा म्हणाला, निम्मी नको, पाव धरा. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला पॅच म्हणतो. टेस्ट पास होत नाही ना, मग टेस्टची टॉलरन्स वाढवा. वीट अशी लहान लहान करत गेलं तर कुठलाही आकडा बसेल आणि मग सिद्धांताला अर्थच उरणार नाही.

इथे स्टासची एंट्री होते, आणि या सगळ्या कथेत मला आवडलेला माणूस हाच.

जाँ सर्व्हे स्टास. जन्म १८१३, ब्रुसेल्सच्या लष्करी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. बेल्जियममध्ये त्याचं नाव गाजलं ते मात्र एका खुनामुळे. १८५० मध्ये बोकार्मे नावाच्या सरदाराने आपल्या मेव्हण्याला निकोटीन पाजून मारलं. वनस्पतीतलं विष मेलेल्या शरीरातून वेगळं काढता येत नाही, असं तेव्हा समजलं जायचं. स्टासने ते काढून दाखवलं. बोकार्मेला १८५१ मध्ये गिलोटिनवर चढवलं. विष शोधायची ती पद्धत सुधारून पुढे जगभर वापरली गेली.

अशा माणसाने प्राउटचा सिद्धांत सिद्ध करायचं मनावर घेतलं. सिद्ध करायचं, हं. खोडायचं नव्हे. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की काम सुरू करताना प्राउट बरोबर आहे यावर त्याचा जवळजवळ पूर्ण विश्वास होता. कार्बनचा १२.० त्यानेच तर काढला होता. त्याला वाटत होतं की नीट, अतिशय नीट मोजलं तर हे दशांशाचे कचरे गळून पडतील आणि पूर्णांक उरतील.

मग त्याने वर्षानुवर्षं मोजलं. चांदी पुन्हा पुन्हा शुद्ध केली. शेकडो ग्रॅमचे प्रयोग केले, म्हणजे तोलण्यातली चूक त्यामानाने नगण्य ठरावी. या प्रकारच्या कामात काय काय भानगडी असतात ते वाचून मी थक्क झालो. उजेड पडला की सिल्व्हर क्लोराइड काळवंडतं, म्हणून मंद प्रकाशात काम करायचं. धुताना त्याचा थोडासा अंश पाण्यात विरघळून जातो, तोही हिशेबात धरायचा. काचेचं भांडं स्वतःच झिजतं. आणि हवासुद्धा वस्तूला किंचित वर उचलते, त्यामुळे प्रत्येक वजन निर्वातातलं करून घ्यायचं. हे सगळं करून, तोच अणुभार वेगवेगळ्या वाटांनी काढायचा आणि उत्तरं जुळतात का ते पाहायचं.

उत्तरं जुळली. पण पूर्णांकांशी नाही, एकमेकांशी. चांदी १०७.९३. क्लोरीन ३५.४६. जेवढं नीट मोजावं तेवढे ते दशांश पक्के होत गेले.

१८६० मध्ये स्टासने निष्कर्ष छापला: प्राउटचा नियम हा निव्वळ भ्रम आहे. ज्या गोष्टीवर आपला विश्वास होता तीच खोडणारा निकाल, स्वतःच्या सहीने. त्याला शेजारी कोणी "दहा लिही" म्हणणारं नव्हतं असं नाही. त्याचा गुरू ड्यूमा पूर्णांकांच्या बाजूचा होता! शंका घेतल्या गेल्या म्हणून त्याने आणखी पाच वर्षं घालवली आणि १८६५ मध्ये पुन्हा तोच निकाल, आणखी पक्क्या पुराव्यानिशी दिला.

यावर मारिन्याकने जी प्रतिक्रिया दिली तीही मोठी सुंदर आहे. तो म्हणाला, स्टासचे आकडे मला मान्य. पण हे अणुभार पूर्णांकांच्या इतके जवळ का घुटमळतात? कदाचित प्राउटचा नियम मुळात बरोबर असेल आणि एखाद्या अज्ञात कारणामुळे तो थोडा ढळत असेल. मूळ कण एकत्र येऊन अणू बनतात तेव्हा त्या एकत्र येण्यानेच वजनात थोडा फरक पडत असेल. १८६० मध्ये! हे वाक्य लक्षात ठेवा.

प्रश्न रास्त होता. १९०१ मध्ये रॉबर्ट स्ट्रट याने गणित करून दाखवलं की इतके अणुभार निव्वळ योगायोगाने पूर्णांकांच्या इतके जवळ येण्याची शक्यता हजारात एक. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. नियम आहे असं दिसत होतं आणि क्लोरीन तो मोडतोय हेही दिसत होतं.

अशा वेळी काय करायचं? बहुतेक जण दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी ठरवतात. विल्यम क्रुक्सने १८८६ मध्ये तिसराच विचार मांडला. आपण कॅल्शियमचा अणुभार ४० म्हणतो, पण सगळे अणू ४० चेच असतात कशावरून? बरेचसे ४० चे, काही ३९ चे, काही ४१ चे असतील आणि आपल्या तराजूला फक्त सरासरी दिसत असेल. पुरावा त्याच्याकडे काही नव्हता, त्यामुळे ही कल्पना तशीच पडून राहिली.

तोवर मोजणी चालूच होती. हार्वर्डच्या थिओडोर रिचर्ड्सने स्टासच्याही चुका काढल्या. स्टासच्या चांदीत ऑक्सिजनचा अंश अडकून राहिला होता. १०७.९३ चे १०७.८८ झाले. साडेपस्तीस मात्र हटले नाहीत. रिचर्ड्सला या कामासाठी १९१४ चं नोबेल मिळालं. आणि नेमकं त्याच वर्षी त्याच्याच प्रयोगशाळेत पहिला तडा गेला. किरणोत्सारी खनिजांमधून काढलेलं शिसं त्याने तोललं, तर ते नेहमीच्या शिशापेक्षा हलकं भरलं. उलट श्रीलंकेतल्या थोराइट नावाच्या खनिजातलं शिसं सॉडीने तपासलं, तर ते जास्त जड. तेच मूलद्रव्य, तेच गुणधर्म, अणुभार वेगवेगळे. सॉडीने आदल्याच वर्षी, १९१३ मध्ये, अशा जुळ्या भावंडांना आयसोटोप म्हणायला सुरुवात केली होती. हा शब्द त्याला मार्गारेट टॉड या डॉक्टरबाईंनी सुचवला. आपण त्याचं समस्थानिक केलं.

पण हे झालं किरणोत्सारी पदार्थांबद्दल. साध्या, घरगुती क्लोरीनचं काय? त्याचं उत्तर केंब्रिजच्या फ्रान्सिस अ‍ॅस्टनने दिलं. त्याने जे. जे. थॉमसनबरोबर निऑन वायूवर काम केलं होतं आणि त्यात २० आणि २२ अशा दोन वजनांच्या खुणा दिसल्या होत्या. मग पहिलं महायुद्ध आलं, अ‍ॅस्टन फार्नबरोला विमानांच्या कामावर गेला. परत आल्यावर १९१९ मध्ये त्याने मास स्पेक्ट्रोग्राफ बांधला. तत्त्व सोपं आहे. अणूंना विद्युतभार द्यायचा आणि विद्युत व चुंबकीय क्षेत्रांतून सोडायचं. हलके जास्त वळतात, जड कमी. पलीकडे फोटोची काच ठेवली की प्रत्येक वजनाचे अणू आपापल्या जागी रेघ उमटवतात. म्हणजे पहिल्यांदाच ढिगाचं वजन करायच्या ऐवजी अणू वजनाप्रमाणे वेगळे करता आले.

अ‍ॅस्टनने क्लोरीन सोडला. काचेवर रेघ उमटली ३५ ला. दुसरी उमटली ३७ ला. ३६ आणि ३८ लाही फिकट रेघा होत्या, पण त्या त्याच दोघांना एकेक हायड्रोजन चिकटल्याच्या.

आणि ३५.४६ ला काहीच नव्हतं.

कोरी काच! शंभर वर्षं ज्या आकड्यावरून भांडणं झाली, त्या वजनाचा क्लोरीनचा एकही अणू या जगात नाही. चारातले साधारण तीन ३५ चे, एक ३७ चा. तीन पस्तीसं एकशेपाच, अधिक सदतीस, एकशेबेचाळीस, भागिले चार. साडेपस्तीस.

म्हणजे प्राउट बरोबर होता, पूर्णांकच असतात. आणि स्टासही बरोबर होता, त्याच्या साक्याचं वजन तेवढंच भरायला हवं होतं. मारिन्याकचं ते वाक्यही खरं ठरलं. हायड्रोजन १.००८, पण चार हायड्रोजनांएवढा हेलियम ४.०३ न येता ४.०० च्या आसपास येतो. एकत्र येताना वजन खरंच घटतं, आणि त्या घटलेल्या वजनावरच सूर्य जळतो. रदरफोर्डने १९२० मध्ये हायड्रोजनच्या अणुकेंद्राला प्रोटॉन हे नाव सुचवलं, त्यामागे प्राउटचीही आठवण होती. पुढे १९३२ मध्ये न्यूट्रॉन सापडला आणि विटा दोन प्रकारच्या आहेत हे कळलं.

सॉडीने नंतर या जुन्या अणुभारवाल्यांबद्दल थोडं निर्दय लिहिलं. त्याच्या मते त्यांची जन्मभराची मेहनत म्हणजे काही भरलेल्या आणि काही अर्धवट रिकाम्या बाटल्यांच्या ढिगाचं सरासरी वजन काढण्यासारखी होती. सॉडी मोठा माणूस, पण मला हे पटत नाही. समजा स्टासने 'एवढ्या तेवढ्याने काय होतंय' म्हणून ३६ लिहिलं असतं, तर? मग कोडंच उरलं नसतं. क्रुक्सला तो विचित्र विचार करायची गरज पडली नसती आणि अ‍ॅस्टनला कोऱ्या जागेचा अर्थ लागला नसता. स्टासला ३५.४६ चा अर्थ माहीत नव्हता. तो कळायच्या अठ्ठावीस वर्षं आधी, १८९१ मध्ये तो वारला. त्याने फक्त न समजलेला आकडा, न समजलेला म्हणूनच, जसाच्या तसा लिहून ठेवला.

आता ऑफिसचा किस्सा. आमच्या एका सिस्टिमचा सरासरी रिस्पॉन्स टाइम डॅशबोर्डवर दोन सेकंद दिसत होता. ठरलेली मर्यादा तीन सेकंदांची, त्यामुळे रंग हिरवा. तरीही अधूनमधून तक्रारी यायच्या की सिस्टिम अडकते. टीममधली एक नवीन मुलगी मला म्हणाली, "मला लॉगमध्ये दोन सेकंद लागलेली एकही रिक्वेस्ट सापडत नाहीये. तू बघशील का?" मी मान वर न करता म्हणालो, "अगं, अ‍ॅव्हरेज आहे ते, असंच असतं." आणि तीन आठवडे रिपोर्टमध्ये 'सर्व काही मर्यादेत' लिहीत राहिलो.

शेवटी तिनेच सगळ्या रिक्वेस्टचा आलेख काढला. दोन उंचवटे. एक अर्ध्या सेकंदाला, दुसरा साडेसहा सेकंदांना. दोन सेकंदांच्या जागी कोरं. चार सर्व्हरांपैकी एकाची डिस्क मरायला टेकली होती. तीनास एक! तिने आलेख माझ्यासमोर ठेवला तेव्हा मला त्या प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा तक्ता दिसला, म्हणून तर हा लेख. तिची माफी मागितली, डिस्क बदलली, आणि आता डॅशबोर्डवर सरासरीशेजारी तो आलेखही असतो.

क्लोरीनचा पुढचा प्रवासही सांगून टाकतो. २००९ मध्ये अणुभार ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने निर्णय घेतला, की क्लोरीनसकट दहा मूलद्रव्यांचा अणुभार यापुढे एका आकड्यात न देता पल्ल्यात द्यायचा. क्लोरीनचा पल्ला ३५.४४६ ते ३५.४५७. कारण नमुना कुठून आणलाय त्यावर ३५ आणि ३७ चं प्रमाण किंचित बदलतं. म्हणजे सरासरीसुद्धा एक नाही. शाळेत अर्थात साडेपस्तीसच, आणि ते ठीकच आहे.

असो. लेख लिहिताना राहून राहून ते ९.६ आठवत होतं. मीच ब्युरेट नीट वाचली नव्हती, की पिपेट फुटकी होती, की बाटलीतलं द्रावण वेगळं होतं आणि बाकी सगळी बॅचच एकमेकांचं बघून दहा लिहीत होती? आता कळायला काही मार्ग नाही. जर्नल केव्हाच रद्दीत गेलं, आणि असतं तरी त्यात काय सापडणार होतं? तिथे १०.० लिहिलंय. तीनदा.